भांडण त्यांचं, तटस्थ आपण: यादवी युद्धात 'कोणाच्याच बाजूने नाही' म्हणणं इतकं अवघड का?

म्यानमारबद्दलचं एखादं सरकारी निवेदन वाचलं की आपल्या हाती फारसं काही लागत नाही. सगळ्यांनी संयम राखावा, प्रश्न चर्चेने सुटावा, अशा धर्तीची चार वाक्यं असतात. वाचक वैतागून विचारतो, अहो, पण आपण आहोत कोणाच्या बाजूने? १ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथल्या लष्कराने सत्ता हातात घेतली. पुढे ठिकठिकाणी सशस्त्र गट उभे राहिले आणि हजारो लोक सीमा ओलांडून मिझोरममध्ये आले. यांगूनमधला आपला दूतावास मात्र सुरूच राहिला. त्याच काळात न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांत, म्यानमारच्या खुर्चीवर लष्कराने बडतर्फ केलेले राजदूत क्यॉ मो तुन पुढची काही वर्षं बसत राहिले, कारण ती खुर्ची खरी कोणाची याचा निकाल संयुक्त राष्ट्रांनी वर्षामागून वर्ष लांबणीवर टाकला.

हे सगळं गुळमुळीत वाटतं, पण त्यामागे दीडशेहून जास्त वर्षांची ठेच आहे. ती लागली १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेच्या यादवी युद्धात. उत्तरेचं संघराज्य एकीकडे, फुटून निघालेली दक्षिणेची गुलामगिरीवाली राज्यं दुसरीकडे आणि समुद्रापलीकडे 'आम्ही तटस्थ' म्हणणारं ब्रिटन. तटस्थतेबद्दल जे जे वाद घालता येतात ते बहुतेक सगळे या चार वर्षांत घालून झाले. शिवाय त्या तटस्थतेची झळ आणि मलई दोन्ही मुंबई, खानदेश आणि वऱ्हाडापर्यंत पोचली.

दोन देशांचं युद्ध वेगळं, घरातलं वेगळं

दोन देश लढतात तेव्हा तिसऱ्याचं काम तुलनेने सोपं असतं. दोघेही मान्यताप्राप्त, दोघांचेही राजदूत आपल्याकडे. दोघांनाही एकच मोजमाप लावायचं.

घरातलं युद्ध सुरू झालं की पंचाईत होते. शेजारच्या वाड्यात भाऊबंदकी पेटली आहे असं समजा. थोरला म्हणतो, 'वाटणीचा प्रश्नच नाही, वाडा माझा एकट्याचा, धाकटा नुसता दंगा करतोय.' धाकटा म्हणतो, 'मी वेगळा झालो, अर्धा वाडा माझा.' आता तुम्ही शहाणपणाने म्हणालात की बाबांनो, तुमच्या दोघांच्या वादात मी पडणार नाही. तुमच्या मते तुम्ही कोणाचीच बाजू घेतली नाही. पण थोरला भडकतो. कारण 'दोघांचा वाद' म्हटल्याबरोबर तुम्ही धाकट्याला वाटेकरी ठरवलंत. धाकट्याला नेमकं तेवढंच हवं होतं.

यादवी युद्धातली मेख ही आहे. तटस्थ राहतो असं जाहीर करणं हीच एका बाजूला मिळालेली बढती असते. ती बढती किती मोठी, यावर सगळी भांडणं होतात.

या बढतीच्या दोन पायऱ्या आहेत. खालची पायरी म्हणजे 'युद्धमान पक्ष' म्हणून मान्यता: हे लोक दरोडेखोर नाहीत, यांच्याकडे फौज आहे, प्रदेश आहे, ते युद्धाच्या नियमांनुसार लढत आहेत, एवढंच कबूल करायचं. वरची पायरी म्हणजे स्वतंत्र देश म्हणून मान्यता: राजदूत, तह, सगळं. दक्षिणेला वरची पायरी हवी होती. ब्रिटनने खालची दिली आणि चार वर्षं तिथेच थांबवलं.

मे १८६१: राणीचा जाहीरनामा

१२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिणेच्या तोफांनी फोर्ट समटर या किल्ल्यावर मारा केला आणि युद्ध सुरू झालं. अवघ्या महिन्याभरात, १३ मे रोजी, राणी व्हिक्टोरियाचा तटस्थतेचा जाहीरनामा निघाला. ब्रिटिश प्रजेपैकी कोणी या युद्धात भरती होऊ नये, कोणी लढाऊ जहाज सज्ज करून देऊ नये, वगैरे. लिंकनने लंडनला पाठवलेले नवे राजदूत चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स नेमके त्याच वेळी तिथे पोचत होते. त्यांना आपलं म्हणणं मांडायलाही सवड मिळाली नाही, ही सल उत्तरेच्या मनात पुढे दहा वर्षं राहिली.

लिंकन सरकारचं म्हणणं असं होतं की हे बंड आहे. बंडात पक्ष एकच असतो, सरकार, बाकीचे गुन्हेगार. मग ब्रिटनने 'दोन पक्ष' कुठून शोधून काढले?

'पण नाकेबंदी तर लिंकननेच जाहीर केली होती ना?'

केली होती, आणि इथे उत्तरेची बाजू लंगडी पडते. १९ एप्रिललाच लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. नाकेबंदी म्हणजे शत्रूच्या बंदरात जाणारी परक्या देशांची जहाजंसुद्धा भर समुद्रात अडवण्याचा अधिकार. हा अधिकार युद्धातच मिळतो. आपल्याच देशातली बंदरं सरकारला बंद करता येतात, पण त्या हुकमाच्या जोरावर खुल्या समुद्रात इंग्रजांचं जहाज अडवता येत नाही. म्हणजे नाकेबंदी हवी तर समोर 'शत्रू' हवा, आणि शत्रू मानला की दोन पक्ष झालेच.

वॉशिंग्टनला दोन्ही हवं होतं: घरात बंड, समुद्रावर युद्ध. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही मार्च १८६३ मध्ये, पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी, ही दुहेरी भूमिका चालवून घेतली. माझ्या मते या मुद्द्यावर ब्रिटनचं चुकलं नाही. घाई केली, शिष्टाचार पाळला नाही असं म्हणा हवं तर. पण जहाजं अडवली जाणार असतील तर कोणत्या नियमाने, हे त्यांना ठरवावंच लागलं असतं.

ब्रिटनने ती नाकेबंदी मानलीसुद्धा. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यानुसार नाकेबंदी नुसती कागदावरची चालत नाही, ती खरोखर अडवणारी असावी लागते. सुरुवातीला उत्तरेकडे हजारो मैलांच्या किनाऱ्याला पुरतील एवढी जहाजंच नव्हती. 'ही नाकेबंदी पोकळ आहे, आम्ही मानत नाही' असं म्हणायला ब्रिटनला पुरेशी जागा होती. ते म्हणाले नाहीत. आपणच उद्या कोणाची तरी नाकेबंदी करू, तेव्हा हाच निकष आपल्याला लावला जाईल, हे जगातल्या सर्वांत मोठ्या आरमाराच्या मालकाला ठाऊक होतं. जाहीरनाम्यावर दक्षिण खूश झाली होती. नाकेबंदी मानली तेव्हा तीच दक्षिण चरफडत बसली.

तटस्थाने काय विकायचं?

त्या काळच्या नियमांनी, खासगी व्यापाऱ्याने बंदुका विकल्या तर चालत होतं; वाटेत पकडल्या गेल्या तर नुकसान त्याचं. ब्रिटिश बंदुका दोन्ही फौजांच्या खांद्यांवर होत्या. सरकारने स्वतः द्यायचं नाही, आपल्या भूमीवर फौज उभारू द्यायची नाही, आणि आपल्या बंदरातून लढाऊ मोहीम निघू द्यायची नाही, ही बंधनं होती. जानेवारी १८६२ मध्ये ब्रिटनने आणखी एक नियम केला: लढणाऱ्या कोणत्याही बाजूच्या जहाजाने ब्रिटिश बंदरात २४ तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही, आणि कोळसा मिळेल तो जवळचं स्वदेशी बंदर गाठण्यापुरताच. नियम दोघांना सारखा. पण ज्याची बंदरं वेढलेली आहेत त्याला परक्या बंदराची गरज जास्त, त्यामुळे तो बोचायचा दक्षिणेलाच.

बोटीवरचे दोन पाहुणे

तटस्थाचाही हक्क असतो, याची आठवण ८ नोव्हेंबर १८६१ रोजी झाली. दक्षिणेचे दोन दूत, मेसन आणि स्लायडेल, 'ट्रेंट' या ब्रिटिश टपालबोटीने युरोपला निघाले होते. उत्तरेच्या 'सॅन जॅसिंटो' जहाजाचा कप्तान चार्ल्स विल्क्स याने क्यूबाजवळ बोट अडवली आणि दोघांना उचलून नेलं. उत्तरेत विल्क्सचे सत्कार झाले. लंडनमध्ये संतापाची लाट उठली, कॅनडाकडे हजारो सैनिक रवाना झाले.

यात हिंदुस्थानचाही एक धागा आहे. बंदुकीच्या दारूला सोरा लागतो आणि तो तेव्हा मुख्यतः आपल्या बिहार-बंगालातून ब्रिटिशांमार्फत जात असे. उत्तरेचा माणूस ब्रिटनमध्ये सोऱ्याची मोठी खरेदी करत होता; ब्रिटिश सरकारने ती निर्यातच रोखली. जाहीर धमकीपेक्षा हा दाब मला जास्त परिणामकारक वाटतो.

शेवटी मार्ग निघाला तो दोन्हीकडच्या शहाणपणामुळे आणि थोडा संथ टपालामुळे. अटलांटिकपार चालू तारायंत्र नव्हतं. बातमी जायला दहाबारा दिवस आणि उत्तर यायला तेवढेच. मरणपंथाला लागलेला राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याने ब्रिटनच्या खलित्याची भाषा मवाळ केली: कप्तानाने हे आपल्या मनानेच केलं असावं, असं आम्ही धरून चालतो. समोरच्याला माघारीची वाट ठेवणारं ते वाक्य होतं. लिंकनचे परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांनी ती वाट धरली. तटस्थ जहाजांवरून माणसं ओढून नेऊ नयेत हे तर अमेरिकेचंच जुनं तत्त्व, अशी मखलाशी करून त्यांनी दोघांना सोडलं. माफी कोणी मागितली नाही.

२९० नंबरचं जहाज

ट्रेंटमध्ये तटस्थाचा हक्क होता, तर आता त्याचं कर्तव्य. आणि इथे मात्र ब्रिटन उघडं पडलं.

लिव्हरपूलसमोर बर्कनहेडला लेअर्ड यांच्या गोदीत एक जहाज बांधलं जात होतं. गोदीतला क्रमांक २९०. तोफा नाहीत, दारूगोळा नाही, दिसायला व्यापारी जहाज. पण तोफा बसवायच्या जागा अनुभवी डोळ्याला दिसत होत्या. ॲडम्स आणि लिव्हरपूलचा अमेरिकी वाणिज्यदूत पुराव्यामागून पुरावे देत होते. ब्रिटिश कायदा सज्ज जहाजाला मनाई करत होता आणि दक्षिणेचे हस्तक म्हणत, सज्ज कुठे आहे, हा तर नुसता सांगाडा. फाइल सरकारी कायदेपंडिताकडे गेली. तो मनाने आजारी होता आणि कागद त्याच्याकडे काही दिवस तसेच पडून राहिले. जहाज अडवावं असा सल्ला अखेर आला, तेव्हा पाखरू उडालं होतं. २९ जुलै १८६२ रोजी चाचणीची फेरी म्हणून पाहुणे-मंडळी घेऊन जहाज बाहेर पडलं, पाहुण्यांना लहान बोटीतून परत धाडलं आणि ते गेलं ते गेलंच. अझोर्स बेटांजवळ दुसऱ्या जहाजांनी तोफा आणल्या, कप्तान राफेल सेम्स आला आणि त्याचं नाव झालं 'अलाबामा'.

दोन वर्षांत अलाबामाने उत्तरेची साठाहून जास्त जहाजं पकडली, बरीचशी जाळली. ते आपल्या पाण्यातही आलं होतं. जानेवारी १८६४ मध्ये मुंबईहून निघालेलं 'एमा जेन' हे रिकामं अमेरिकी जहाज त्याने मलबार किनाऱ्याजवळ पेटवलं आणि त्यावरच्या माणसांना त्रावणकोरच्या किनाऱ्यावर अंजेंगोला उतरवलं. अखेर १९ जून १८६४ रोजी फ्रान्समधल्या शेरबूर्गसमोर उत्तरेच्या 'किअरसार्ज'ने ते बुडवलं.

तोपर्यंत लंडनला शहाणपण सुचलं होतं. त्याच लेअर्ड यांच्या गोदीत दक्षिणेसाठी दोन चिलखती जहाजं तयार होत होती. ५ सप्टेंबर १८६३ रोजी ॲडम्सने परराष्ट्रमंत्री रसेल यांना लिहिलं की ही जहाजं सुटली तर त्याचा अर्थ युद्ध, हे मी वेगळं सांगायला नको. गंमत अशी की रसेल यांनी ती रोखायचा हुकूम आधीच दिला होता, ॲडम्सला ते माहीत नव्हतं. पुढे ती दोन्ही जहाजं ब्रिटिश आरमारानेच विकत घेतली.

'गुलामगिरीसमोर कसली तटस्थता?'

हा आक्षेप सगळ्यात जड आहे. साम्राज्याच्या बहुतेक भागातली गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने संपवणारं ब्रिटन गुलामांच्या मालकांना 'पक्ष' कसं म्हणू शकलं? एक उत्तर असं की सुरुवातीला लिंकन स्वतःच म्हणत होते, हे युद्ध देश एकसंध ठेवण्यासाठी आहे, गुलामगिरी संपवण्यासाठी नाही. मग परक्याने जास्त नैतिक का व्हावं? हे उत्तर खरं आहे, पण त्यामागे कापसाचं ओझंही होतं. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा दक्षिणेकडून येई. आपल्या कापसावाचून ब्रिटन फार काळ तग धरणार नाही, मान्यता देईलच, असा दक्षिणेचा हिशेब होता.

१८६२ च्या शरदात तो जवळजवळ बरोबर ठरला. ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून मध्यस्थी करावी असा घाट घातला जात होता. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी ७ ऑक्टोबरला जाहीर सभेत सांगून टाकलं की दक्षिणेच्या नेत्यांनी राष्ट्र घडवलं आहे. पण त्याआधीच, १७ सप्टेंबरला, अँटिएटमच्या लढाईत दक्षिणेची चढाई थांबली होती आणि पाचच दिवसांनी लिंकनने बंडखोर प्रदेशातल्या गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली होती. ती घोषणा हळूहळू मुरत गेली. आता दक्षिणेला मान्यता म्हणजे उघड उघड गुलामगिरीला मान्यता. नोव्हेंबरात फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने युद्धविरामाचा प्रस्ताव मांडला, तो ब्रिटिश मंत्रिमंडळाने फेटाळला. कापसावाचून बेकार झालेल्या मँचेस्टरच्या कामगारांनी वर्षाच्या शेवटच्या दिवशी सभा घेऊन लिंकनला पाठिंबा कळवला. लँकशायरच्या सगळ्याच गावांत असं मत नव्हतं, हेही खरं.

मुंबईची चांदी

ब्रिटनने नाकेबंदी मानली, म्हणून अमेरिकेचा कापूस अडला, आणि म्हणून लँकशायरची नजर इकडे वळली. आपला आखूड धाग्याचा 'सुरती' कापूस तिथल्या कामगारांना अजिबात आवडत नसे, पण दुसरं होतं काय? या पाच वर्षांत नेहमीच्या भावापेक्षा वर म्हणून मुंबईला सुमारे ८ कोटी १० लाख पौंड मिळाले, असा आकडा मुंबईच्या जुन्या गॅझेटियरमध्ये येतो. बँका आणि कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे राजे. समुद्र बुजवायच्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर कित्येक पटींनी विकला जात होता. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, कापूस कोसळला आणि १ जुलैला, सौद्यांच्या हिशेबाच्या दिवशी, मुंबई दिवाळ्यात निघाली. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली.

खानदेश-वऱ्हाडात कापसाखालची जमीन वाढली होती. भाव उतरले तरी कर्ज उतरलं नाही. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांच्या अनेक कारणांत तेजीनंतर आटलेली पत हेही एक कारण मानलं जातं. मुंबईला तटस्थ राहायचं की नाही हे कोणी विचारलं नव्हतं. राणीचा जाहीरनामा तिला आपोआप लागू झाला.

जिनिव्हाचा हिशेब

युद्ध संपल्यावर अमेरिकेने अलाबामाचं बिल लंडनला पाठवलं. सिनेटर समनर तर युद्ध लांबल्याचा खर्चही ब्रिटनने द्यावा म्हणत होते. तो आकडा दोन अब्ज डॉलरच्या वर जाई आणि त्या बदल्यात कॅनडाच द्या, असं बोललं जाई. १८७१ च्या वॉशिंग्टन तहाने प्रकरण लवादाकडे गेलं. अमेरिका, ब्रिटन, इटली, स्वित्झर्लंड आणि ब्राझील यांचे पाच पंच जिनिव्हात बसले. अप्रत्यक्ष नुकसानीचा दावा त्यांनी बाजूला ठेवला. पण अलाबामा आणि दक्षिणेचंच दुसरं लढाऊ जहाज 'फ्लोरिडा' रोखण्यात, तसंच मेलबर्नहून कोळसा आणि माणसं घेऊन सुटलेल्या 'शेनँडोआ'च्या बाबतीत ब्रिटनने पुरेशी दक्षता घेतली नाही, असा निकाल १४ सप्टेंबर १८७२ रोजी दिला. भरपाई: १ कोटी ५५ लाख डॉलर, सोन्यात. ब्रिटिश पंचाने निकालावर सही केली नाही. ब्रिटनने पैसे भरले.

एवढं बलाढ्य साम्राज्य लवादापुढे गेलं ते सद्गुणापोटी, असं मला वाटत नाही. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं होतं, रशियाही काळ्या समुद्रावरून डोळे वटारत होता. उद्या ब्रिटन लढेल आणि तटस्थ अमेरिकेच्या गोद्यांतून ब्रिटनच्या शत्रूसाठी दहा अलाबामा निघतील. जगातला सर्वांत मोठा व्यापारी तांडा असणाऱ्याला ही भीती परवडणारी नव्हती. म्हणून त्याच वर्षी त्यांनी आपला कायदाही कडक करून घेतला.

'आज हे नियम कुठे आहेत?'

'युद्धमान पक्ष' ही पायरी विसाव्या शतकात जवळजवळ वापरातून गेली. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा युरोपच्या २७ देशांनी तटस्थता जाहीर न करता 'हस्तक्षेप न करण्याचा' करार केला. त्यात जर्मनी आणि इटली होते आणि तेच बंडखोर सेनापती फ्रँकोला विमानं आणि सैनिक पुरवत होते. कायदेशीर सरकारला मात्र ब्रिटन-फ्रान्सकडून उघडपणे शस्त्रं विकत मिळेनात. असल्या ढोंगापेक्षा १८६१ चा जाहीरनामा मला प्रामाणिक वाटतो.

१९४९ च्या जिनिव्हा करारांनी एक हुशार तोड काढली. तिसरं कलम म्हणतं, यादवीतही जखमी आणि कैद्यांना माणुसकीने वागवा, पण त्यामुळे कोणाचा कायदेशीर दर्जा बदलत नाही. म्हणजे वाटेकरी न ठरवताच नियम लावायचे.

मग भारताने १९७१ मध्ये काय केलं, असं कोणी विचारेल. ती तटस्थता नव्हतीच. पण मान्यतेबाबत दिल्लीने घाई केली नाही: बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी १७ एप्रिलचा, आणि भारताची मान्यता ६ डिसेंबरची, पाकिस्तानशी उघड युद्ध सुरू झाल्यावर.

अलीकडचं उदाहरण सुदानचं. एप्रिल २०२३ पासून तिथे लष्कर आणि एक निमलष्करी दल लढत आहेत. सुरक्षा परिषदेची शस्त्रबंदी फक्त दार्फूरपुरती आहे. संयुक्त अरब अमिराती त्या दलाला मदत पुरवते, म्हणजे ते दल करत असलेल्या वंशसंहारात तीही सामील ठरते, असा दावा घेऊन सुदान मार्च २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. अमिरातीने आरोप नाकारला. ५ मे २०२५ रोजी न्यायालयाने खटला यादीतून काढून टाकला. आरोप खरे की खोटे इथपर्यंत गोष्ट गेलीच नाही. वंशसंहारविरोधी करारातल्या ज्या कलमाने असा वाद हेगला नेता येतो, ते कलम आपल्याला बंधनकारक नाही अशी नोंद अमिरातीने २००५ मध्ये करारात सामील होतानाच करून ठेवली होती.